मदत हवी आहे: मित्राने आजीबद्दल विचारलं, काय उत्तर द्यावं?

जय ख्रिस्त मंडळी. मी मूळचा नगरचा, नोकरीमुळे पुण्यात असतो. ऑफिसमध्ये एक जवळचा मित्र आहे, वारकरी घरातला. माझ्या विश्वासाबद्दल तोच विचारतो, मी त्याच्या मागे लागलेलो नाही हे आधीच सांगतो. डबा खाताना विषय निघतो आणि लंच टाइम संपला तरी आमचं चालूच. बऱ्याच मुद्द्यांना जमेल तसं उत्तर देतो पण एका ठिकाणी पार अडलोय.

"हा इंग्रजांचा धर्म" हे तर ठरलेलंच. त्याला मी सांगितलं की येशू स्वतः आशियातला, केरळातले ख्रिस्ती आपला वारसा इ.स. 52 मध्ये आलेल्या संत थोमापर्यंत, म्हणजे येशूच्या शिष्यापर्यंत नेतात, आणि सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने कल्याणला बिशप असल्याचं लिहून ठेवलंय, ते आपलं ठाण्याजवळचंच कल्याण असं बरेच अभ्यासक मानतात. तेव्हा इंग्रज कुठे होते? बायबल नंतर बदललं म्हणाला तर मृत समुद्राजवळच्या कुमरानचं सांगितलं. तिथे 1947 मध्ये बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाची अख्खी गुंडाळी सापडली, तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा साधारण हजार वर्षं जुनी, आणि किरकोळ फरक सोडले तर मजकूर तोच.

मग "पैशासाठी, सवलतींसाठी बाटले". हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं कारण उलट आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये त्या मिळाल्या, आपल्याला अजून नाही. आणि कवी ना. वा. टिळक? 1895 ला बाप्तिस्मा घेतला आणि घर तुटलं, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. कशाचा फायदा झाला त्यांचा?

गोव्याचं इन्क्विझिशन (पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय) मात्र मी सरळ मान्य करतो. 1560 ला सुरू झालं, 1812 ला कायमचं बंद झालं, लोकांचा छळ झाला. तिथे सारवासारव केली की पुढचं कोणी ऐकत नाही, आणि का ऐकावं?

आता मुख्य प्रश्न. परवा त्याने मोबाइलमध्ये आजीचा फोटो दाखवला. डोक्यावर तुळस, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात कुठलीतरी नातवाची स्पोर्ट्स चप्पल, आळंदीहून पायी निघालेली. आता ती नाही. म्हणाला, दारात आलेल्या माणसाला तिने कधी उपाशी पाठवलं नाही, मग तुमच्या हिशोबाने ती नरकात का रे?

मी गप्प बसलो. "सगळे मार्ग शेवटी एकच" म्हणून सुटता आलं असतं, पण ते मी मानत नाही, आणि त्याला बरं वाटावं म्हणून न मानलेलं बोलणं म्हणजे त्याची फसवणूक. उलट आमच्या तरुण संघाच्या ग्रुपवर विचारलं तर दोघातिघांनी योहान 14:6 ("माझ्याद्वारे आल्याशिवाय पित्याकडे कोणी येत नाही") टाकलं आणि मोकळे झाले. अरे वचन मला पण पाठ आहे, पण आजीचा फोटो हातात धरलेल्या माणसाला ते असं फेकून मारायचं का? आणि टिळक तर म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ती बाई जन्मभर त्याच पुलावर चालली ना. मग मी काय बोलू? जाणकारांनी सांगा प्लीज. इतर धर्मातल्यांनी, नास्तिकांनी पण लिहा, तुम्हाला कुठलं उत्तर प्रामाणिक वाटलं असतं ते. फक्त धर्मावरून भांडणं नकोत.

---

प्रतिसाद:

मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे यावर चर्चची शिकवण स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1964 च्या लुमेन जेन्शियम या दस्तऐवजात म्हटलंय की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. आणि तेही ख्रिस्तामुळेच, म्हणजे तुझं 14:6 कुठे जात नाही. तुमच्या मंडळीत हे सगळ्यांना पटेलच असं नाही, पण रोमकरांस 2:14 ते 16 तुम्ही पण वाचताच, नियमशास्त्र नसलेल्यांच्या अंतःकरणात ते लिहिलेलं आहे असं तिथे म्हटलंय, ते नीट बघ.

दुसरं म्हणजे लूक 13 मध्ये एकाने येशूला हेच विचारलं की तारण पावणारे थोडेच आहेत का. त्याने आकडा दिला नाही, कोण आत कोण बाहेर सांगितलं नाही, विचारणाऱ्यांनाच म्हणाला तुम्ही आत जायचा नेटाने प्रयत्न करा. मग आजीचा निकाल तू कशाला द्यायचा? "ते माझ्या हातात नाही, ज्याच्या हातात आहे तो अन्याय करत नाही" एवढं सांग, हे खरंही आहे आणि यात कोणाला दुखावणं नाही. मग त्याला आजीबद्दल बोलू दे, मधे वचन घालू नकोस. आणि एक सांग, इतक्या गप्पांत त्याला स्वतःला येशू कसा वाटतो हे तू कधी विचारलंयस का?