मदत हवी आहे: ओहायोतल्या दोन जॉन मिलरपैकी आमचा कोणता?

नमस्कार मंडळी,

माझा नवरा अमेरिकन. त्याच्या खापरपणजोबांचे आईवडील कोण, इथे माझं गाडं अडलंय. आयोवातले शेतकरी, नाव जॉन मिलर (हो, तिकडे हे नाव पैशाला पासरी, म्हणूनच मदत मागतेय). त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांसारखी वही इथे कुणाकडे नाही.

१८८०च्या जनगणनेत वय ३६, जन्म ओहायो, वडिलांचा पेनसिल्व्हेनिया, आईचा व्हर्जिनिया. १८७०च्या पानावर मात्र वय २८! म्हणजे जन्म १८४२ ते ४४ धरायचा. ओहायोत जिल्हावार जन्मनोंदी सुरू झाल्या १८६७ला, तो मार्ग बंद. १८४०च्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीची नुसती डोकी. राहता राहिली १८५०ची, तीत घरातल्या सगळ्यांची नावं आहेत.

तिथे दोन जॉन सापडले. एक वेन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात), वय ६. दुसरा शेजारच्या होम्स काउंटीत, वय ८. दोन्ही घरातला कर्ता पेनसिल्व्हेनियाचा. पण वेनच्या घरातली बाई ओहायोची आणि होम्सची पेनसिल्व्हेनियाची, व्हर्जिनियाची कुणीच नाही. त्या वर्षी नात्याचा रकानाच नव्हता, त्यामुळे वेनची बाई सावत्र आईही असू शकते.

आमचे जॉन यादवी युद्धात आयोवाच्या पलटणीत होते. होम्सला आमिश या ख्रिस्ती पंथाची वस्ती मोठी, मिलर ढिगाने, आणि आमिश शस्त्र धरत नाहीत. तेवढ्यावर होम्सचा बाद करावा का? सगळेच मिलर काही आमिश नसणार. ऑनलाइन वंशवृक्षांत सगळ्यांनी वेनचाच बाप चिकटवलाय, पुरावा एकाकडेही नाही. स्पेलिंगची चूकसुद्धा सगळीकडे तीच, त्यामुळे माझा काडीचा विश्वास नाही.

आमच्या जॉनच्या विधवेला पेन्शन होती, तिचं इंडेक्स कार्ड मिळालंय. फाइल वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजमधून मागवावी लागेल. लग्न सिद्ध करायला नातलग-शेजाऱ्यांच्या जबान्या असतात, त्यात माहेर-सासरचं काही निघतं का? कुणी मागवली असेल तर सांगा, नक्कल स्वस्त नाही. की आधी सैन्याची सेवानोंद मागवू? तीत जन्माची काउंटी असते म्हणतात. ती मिळाली तरी निम्मं काम होईल.

आणि वेनच्या मिलरच्या इस्टेटीचे कागद कुणी पाहिलेत का? वारसांत आयोवातला मुलगा निघाला तर प्रश्नच मिटला. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर प्रोबेटची (मृत्युपत्र-वारसाच्या कोर्टातल्या कागदांची) स्कॅन दिसतात, पण नावाने शोध लागत नाही. खंडाच्या सुरुवातीची सूची कशी वापरायची, तेवढं कुणी समजावेल का?