झाकणाखाली काळा गाळ: फ्लश मारू की चेंबर उतरवू?

दुसरा_गिअर
चार महिन्यांपूर्वी वापरलेली पेट्रोल गाडी घेतली. १.२ लिटरचं इंजिन, ८६,००० किमी. आधीचे मालक रोज चार किमी जायचे, चार किमी यायचे. 'किमी भरलेच नाहीत तर ऑईल कशाला बदलायचं,' म्हणून दोन-दोन वर्षं तेच ऑईल ठेवलं, हे त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं!
काल ऑईल भरायच्या तोंडातून बॅटरी मारून पाहिलं तर कॅमशाफ्टच्या आजूबाजूला डांबरासारखा थर. बोटाला लागला तो साबणानेही निघेना. सकाळी स्टार्ट केल्यावर पाच-सात सेकंद टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजतात, मग शांत. गॅरेजवाले म्हणतात फ्लशची (इंजिन आतून धुवायच्या द्रवाची) बाटली ओतू, दहा मिनिटांत सगळं धुऊन निघेल. घरचे म्हणतात रॉकेल घाल. कोणाचं ऐकू?

सुसाट
फ्लश मारा बिनधास्त. मी तीन गाड्यांना मारलाय, काही होत नाही.

जुना_पान्हा
सुसाट, तुमच्या तिन्ही गाड्या मुळात स्वच्छ असणार. स्वच्छ इंजिनाला फ्लशने काही होत नाही, कारण धुवायलाच काही नसतं.

ताई, मी ही चूक करून बसलोय. असाच थर, अशीच बाटली. बारा मिनिटं आयडलला ठेवली, खालून काळंकुट्ट ऑईल निघालं, मी खूश. तिसऱ्या दिवशी ऑईलचं प्रेशर पडल्याचा लाल दिवा. तिथेच इंजिन बंद केलं म्हणून बेअरिंग वाचली. चेंबर (इंजिनाखालचं ऑईल साठायचं भांडं) उतरवलं तर ऑईल पंपाच्या जाळीवर गाळाची पोळी बसलेली. फिल्टर नवाकोरा होता, पण त्याचा उपयोग शून्य: आधी जाळी, मग पंप, मग फिल्टर. जाळीच तुंबली तर पंपाला ओढायला ऑईलच मिळत नाही. बाटलीने गाळ विरघळतो ते ठीक, पण सगळाच विरघळत नाही. काहीचे पापुद्रे सुटतात आणि तेच खाली जातात.

रॉकेलचं तर नावच काढू नका. त्याने ऑईल इतकं पातळ होतं की बेअरिंगवरचा थर टिकत नाही. शिवाय ते पूर्ण निथळत नाही, उरतं ते नव्या ऑईलमध्ये मिसळतं.

गाळ झाला तो चार-चार किमीमुळेच. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून न जळलेल्या पेट्रोलबरोबर चेंबरमध्ये उतरतं. लांब पल्ल्यात ऑईल तापून हे उडून जातं. तुमच्या चार किमीत टेंपरेचरचा काटा मध्यावर येतो खरा, पण तो कूलंटचा, ऑईल अजून कोमटच असतं. ऑईलमधली रसायनं काजळी आणि घाण तरंगती ठेवतात, आम्लं मारतात. ती संपली की सगळं एकत्र येऊन चिकटतं. म्हणून किमी कमी असले तरी महिने मोजायचेच.

आता दोन गोष्टी सांगा. कूलंट कमी होतंय का? आणि इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला लाल दिवा कधी लुकलुकतो का?

दुसरा_गिअर
कूलंट आहे तेवढंच. दिव्याचं म्हणाल तर परवा घाट उतरून सिग्नलला थांबले तेव्हा क्षणभर लागला. ॲक्सिलरेटर दाबल्यावर गेला. वायरिंग असेल म्हणून सोडून दिलं. डिपस्टिकवर ऑईल बरोबर आहे.

जुना_पान्हा
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! गाडी चालवू नका, टो करून न्या. आधी ऑईलचं प्रेशर काट्याच्या गेजने, इंजिन गरम असताना मोजून घ्या, मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. दिव्याचा सेन्सर खराब असेल तर तेही कळेल. पण थर पाहता चेंबर उतरवाच. जाळी काढून धुवा. वर टॅपेट कव्हर काढून गाळ हातानेच खरवडा, प्लास्टिकच्या पट्टीने. त्याआधी ऑईल खाली जायची भोकं फडक्याने बुजवा, नाहीतर खरवडलेलं सगळं चेंबरमध्ये. आणि फडकी मोजून घाला, मोजून काढा, हसू नका.

पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. तो तुंबला की चेंबरमधली वाफ बाहेर पडत नाही, म्हणजे तुम्ही साफ करत राहणार आणि गाळ होत राहणार.

पुढे मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑईल आणि नवा फिल्टर. पहिलं ऑईल १,००० किमीला सोडा, दुसरं २,००० ला, दर वेळी फिल्टरसकट. उरलेला गाळ ऑईलच हळूहळू उचलेल. हळूहळू उचलला जाणं हेच आपल्याला हवंय. मग मॅन्युअलमध्ये 'कठीण वापर' असं कोष्टक असतं ते पाळा. छोट्या फेऱ्या त्यातच येतात. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग पळवा.

नवशिका
माझ्या झाकणाखाली पिवळट फेस आहे, तोही गाळच का?

जुना_पान्हा
फक्त झाकणालाच असेल आणि थंडीचे दिवस असतील तर बहुधा साचलेली वाफ. लांब चालवली की जाते. डिपस्टिकवरही तसाच फेस आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅसकेट (कूलंट आणि ऑईल वेगळं ठेवणारं सील) तपासून घ्या, तोवर गाडी उभी.

दुसरा_गिअर
बारा दिवसांनी सांगतेय. गरम प्रेशर मॅन्युअलपेक्षा बरंच खाली होतं. जाळी निम्म्याहून जास्त बंद, आणि त्यात गाळाबरोबर चेंबरचा जोड बंद करायला लावतात त्या सिलिकॉनचे तुकडे! चेंबर आधी कधीतरी उघडलेलं असणार. आता दिवा लागत नाही. टॅपेट मात्र सकाळी दोन सेकंद वाजतात अजून.

जुना_पान्हा
सिलिकॉनची वळी जाड ओढली की जास्तीचं आत सुटतं, तेच ते. तुमच्या मेकॅनिकने या वेळी किती लावलं, विचारून ठेवा. टॅपेट वाजू देत सध्या. १,००० किमीला ऑईल सोडाल तेव्हा जुना फिल्टर टाकू नका, कापून कागदाच्या घड्या उलगडा आणि फोटो इथे टाका.