रेंजचा खर्चही मोजायला हवा

रॉकेटची उड्डाणं स्वस्त झाली ती पुन्हा वापरता येणाऱ्या बूस्टरमुळे, म्हणजे रॉकेटच्या खालच्या टप्प्यामुळे, असं म्हटलं जातं. ते खरंच आहे, पण जमिनीवर, म्हणजे रेंजमध्ये (उड्डाणावर नजर ठेवणारी तळावरची सुरक्षा यंत्रणा) झालेला बदलही मोलाचा आहे आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरल या उड्डाणतळावर पूर्वी भरकटलेलं रॉकेट नष्ट करायचा निर्णय सुरक्षा अधिकारी घ्यायचा. समोर पडद्यावर रॉकेटचा मार्ग आणि मर्यादेच्या रेषा. रेषा ओलांडली की रेडिओवरून आदेश. त्या माणसापर्यंत खात्रीची माहिती पोचावी म्हणून रडार आणि अँटेनांचं मोठं जाळं सांभाळावं लागे. मार्च २०१४ मध्ये शॉर्ट सर्किट होऊन एका रडारला आग लागली, तर अ‍ॅटलास आणि फाल्कन, या दोन्ही रॉकेटांची उड्डाणं अडकून पडली! रॉकेट तयार, उपग्रह तयार, पण रेंज बंद.

१९ फेब्रुवारी २०१७ ला स्पेसएक्सचं फाल्कन ९ रॉकेट सुरक्षा अधिकाऱ्याचं हे काम स्वतःच्या संगणकावर घेऊन उडालं. जीपीएस आणि जडत्वीय (वेग-दिशेतला बदल मोजणाऱ्या) सेन्सरवरून रॉकेटच आपला मार्ग तपासतं आणि गरज पडली तर स्वतःला संपवतं. त्यामुळे दोन उड्डाणांमधली रेंजची तयारी कितीतरी कमी झाली.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो दक्षिणेचा मार्ग. तिकडे जाताना रॉकेटच्या ज्वाळांचा झोत जमिनीवरून येणाऱ्या संदेशाच्या आड येऊ शकतो. आदेश बाहेरून यायचाच नसेल, तर ती अडचण उरत नाही. फ्लोरिडातून १९६९ नंतर थांबलेली ध्रुवीय (ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेतली) उड्डाणं याच दक्षिणेच्या मार्गाने ३० ऑगस्ट २०२० ला पुन्हा सुरू झाली, अर्जेंटिनाचा साओकॉम १बी उपग्रह घेऊन.