सिकलसेल किनवटात, आणि जनुकं शोधायची संगणकावर?

गोदाकाठ: भाचा पुण्यात जनुकांवर पीएचडी करायलाय. दिवाळीत म्हणाला, "मामा, मी रक्ताला हातसुद्धा लावत नाही. लोकांच्या जीनोममधली, म्हणजे सगळ्या जनुकीय मजकुरातली, अक्षरं संगणकावर ताडून बघतो." मी लॅब टेक्निशियन. किनवट-माहूरच्या आश्रमशाळांत सिकलसेलच्या, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जन्मजात दोषाच्या, तपासण्या केल्यात. बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात टाकायचं, मागं रेघांचा कागद धरायचा. गढूळपणामुळं रेघा दिसेनात की पोरगं पुढच्या तपासणीला. हिमोग्लोबिनात नेमकं काय बदललंय ते १९५७ सालीच कळलं. मग आता आणखी काय शोधायलेत? तेवढ्या पैशात त्यावरचं औषध, हायड्रॉक्सियुरिया, वेळेवर पोचवा की.

पैनगंगा: दादा, दोष तोच, तरी एक पोरगं दुखण्यानं तळमळतं आणि दुसरं कबड्डी खेळतं. असं का? एक मोठं कारण म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन. जन्मानंतर ते बंद पडत जातं. ज्याचं थोडं चालू राहतं त्याला त्रास कमी. तुमचं हायड्रॉक्सियुरियाही तेच वाढवतं. ते बंद कोण करतं? बीसीएल११ए नावाचं जनुक. ते हाती लागलं २००७-०८ च्या सुमारास, अनेकांच्या जीनोमची तुलना करूनच. गंमत म्हणजे लोकालोकांतला फरक प्रथिन बनवणाऱ्या अक्षरांत नव्हता. तो होता रक्तपेशींपुरतं ते जनुक चालू ठेवणाऱ्या बटणात. २०२३ साली ब्रिटन-अमेरिकेत मान्यता मिळालेला क्रिस्पर (जनुकांत नेमक्या जागी काप घेणारं तंत्र) उपचार नेमकं तेच बटण कापतो. हे नळीत बघून कळलं नसतं.

बालाघाटी: त्या उपचाराची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर! किती एकर विकायचं, ताई? आणि संगणक चकवतोही. लठ्ठपणाशी जोडलेला बदल २००७ मध्ये एफटीओ जनुकाच्या पोटात सापडला, म्हणून सगळे एफटीओच्याच मागं. २०१४-१५ मध्ये कळलं, तार जाते लांबच्या आयआरएक्स३ जनुकाकडं. आमच्या वाड्यात चुलत्याच्या खोलीतलं बटण दाबलं की ओसरीतला दिवा लागतो, तसलाच प्रकार.

पैनगंगा: वायरमनलाही आधी बटण कुठंय ते कळावं लागतं! किमतीचं मान्य, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण असल्या अभ्यासातले बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे. जीनोमइंडिया या सरकारी प्रकल्पानं १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले, जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. आपल्याकडं कुणाचं बटण कुठं, ते आपल्याच रक्तात शोधावं लागेल ना?

गोदाकाठ: भाच्याला हा धागा दाखवला. म्हणतो, ताई बरोबर बोलायल्यात. म्हटलं, मग ये किनवटला, सुई टोचायला शिकवतो. फक्त कोलामांच्या पाड्यावर पोराच्या आईला काय सांगून रक्त घेणार, ते तिला कळेल अशा भाषेत आधी मला सांगून दाखव. दोन दिवस झाले, अजून फोन नाही.