रायझन ५६००एक्स, बी५५० बोर्ड आणि अकोल्याचा उन्हाळा: ओव्हरक्लॉक करावं का? सल्ला हवा

अकोला_एडिट
नमस्कार मंडळी. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, घरातूनच काम चालतं. मशीन असं आहे: रायझन ५ ५६००एक्स, बी५५० चिपसेटचा बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, ५५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), आणि प्रोसेसरच्या खोक्यात आलेला पंखा.

सीझनमध्ये एकेक एक्सपोर्ट दीड-दोन तास घेतो. मित्र म्हणतो बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ओव्हरक्लॉक कर, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जोरात पळव, फुकटात स्पीड मिळेल. पण दुपारी माझ्या खोलीत ३८ अंश असतात. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरची ताकद मोजणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं चालवलं तर प्रोसेसर ९३ अंशांवर जातो आणि स्कोअर येतो १०,७५०. मशीन बंद पडलं तर घेतलेली कामं अडकतील, म्हणून आधी विचारतोय. कुठून सुरुवात करू?

टर्बो_नाशिक
बायोसमध्ये मल्टिप्लायर (स्पीड ठरवणारा गुणक) ४६, व्होल्टेज १.३५ फिक्स. सेव्ह करून बाहेर या. माझं तीन वर्षं असंच चालू आहे.

जुना_क्वाड
अकोलेकर, थांबा, हे लगेच करू नका. टर्बोभाऊ, तुमच्याकडे चाललं असेल, पण तुमच्या पोस्टखालच्या सहीमध्ये प्रोसेसरवरचा मोठा टॉवर कूलर दिसतोय आणि नाशिकची हवा वेगळी. खोक्यातल्या पंख्यावर, ३८ अंशांच्या खोलीत, सगळ्या कोअरना (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांना) १.३५ व्होल्ट कायम दिले तर ते मशीन ९५ला टेकून स्वतःच स्पीड कमी करेल. मग मिळवलं काय?

मी २००७ पासून हे करतोय. इंटेलच्या क्यू६६०० प्रोसेसरवर बस (मल्टिप्लायरने गुणला जाणारा मूळ स्पीड) २६६ची ३३३ केली की २.४चा प्रोसेसर सरळ ३ गिगाहर्ट्झवर पळायचा, तोही थोडक्या व्होल्टेजवर. तेव्हा कंपन्या चिपमध्ये बरीच ताकद शिल्लक सोडायच्या. आता तसं नाही. ५६००एक्स स्वतःच क्षणाक्षणाला तापमान, वॉट आणि अँपिअर पाहून जमेल तेवढा पळतो. एकाच कोअरवर काम असेल तर ४.६ गिगाहर्ट्झच्या वर जातो. मल्टिप्लायर फिक्स केला की ही हुशारी बंद होते. टाइमलाइनवर क्लिप सरकवताना, ट्रिम करताना बऱ्याचदा एक-दोन कोअरच राबतात, तिथे तुमचं नुकसानच होईल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: या प्रोसेसरला जास्त व्होल्टेज देऊ नका, कमी द्या.

पण त्याच्याही आधी रॅम. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरीचा स्पीड बघा. २१३३, २४०० किंवा २६६६ दिसत असेल तर तुमची ३२००ची रॅम पहिल्या दिवसापासून अर्धवट वापरली जातेय. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारी सेटिंग) चालू करा. असुसच्या बोर्डवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. दोन्ही रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना, तेही बघा. जुळवणाऱ्याने शेजारी शेजारी घातल्या असतील तर दोन्ही एकाच चॅनेलवर येतात. एवढं करून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) एकदा रात्रभर चालवा. एकही एरर आली तर पुढे जायचं नाही.

आता मुख्य भाग. बायोसच्या ॲडव्हान्स्ड मेन्यूत एएमडी ओव्हरक्लॉकिंग असं पान असतं. इशारा येतो, तो वाचून मान्य करावा लागतो. तो खरोखर वाचा, कारण ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि पीबीओ (एएमडीची प्रोसेसरच्या मर्यादा बदलू देणारी सोय) सुद्धा त्यातच धरतात. आत पीबीओ ॲडव्हान्स्डवर ठेवा. तिथे तीन मर्यादा दिसतील. पीपीटी म्हणजे सॉकेटमधून किती वॉट ओढायचे, तुमच्या चिपला मूळ ७६. टीडीसी म्हणजे सतत किती करंट ओढायचा, ६० अँपिअर; ईडीसी म्हणजे क्षणभर किती, ९०. यातलं काही वाढवू नका.

त्याखाली कर्व्ह ऑप्टिमायझर. प्रत्येक कोअरला किती स्पीडला किती व्होल्टेज लागेल याचा कारखान्यातला एक आलेख असतो. तो आलेख तुम्ही इथे खाली सरकवता. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, आणि उणे ३० पर्यंत जाता येतं. सगळ्या कोअरना सरसकट उणे ३० टाकणारे व्हिडिओ खूप आहेत. तसं करू नका. रायझन मास्टर या एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या दोन कोअरवर खूण दिसते ती चिपमधली सगळ्यात चांगली. ती आधीच कमी व्होल्टेजवर सगळ्यात जोरात पळत असतात, म्हणून त्यांच्याकडे काटछाटीला जागा कमी. त्यांना उणे १०, बाकी चौघांना उणे २० असं सुरू करा.

बदलायच्या आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मशीन चालूच झालं नाही तर वीज पूर्ण काढा, कॅबिनेटचं बटण एकदा दाबा, आणि बोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडा. सगळं मूळ पदावर येतं.

चंद्रपूर_रेंडर
दादांनी सगळं बरोबर सांगितलं, एक गोष्ट मी जोडते. कर्व्ह ऑप्टिमायझरने तापमान उतरेल अशी अपेक्षा ठेवून बसाल तर निराश व्हाल. सगळे कोअर राबत असताना ही चिप ७६ वॉटच्या मर्यादेला टेकलेली असते. व्होल्टेज वाचलं की ती ते वॉट जास्त स्पीडसाठी वापरते, आणि पुन्हा ७६लाच टेकते. वॉट तेवढेच, म्हणजे उष्णताही तेवढीच.

तुमचंच गणित बघा. खोली ३८, प्रोसेसर ९३, म्हणजे ७६ वॉटला ५५ अंशांची वाढ. तोच पंखा, तेच कॅबिनेट, तर ही वाढ वॉटच्या प्रमाणात राहते. पीपीटी ६५ केला की वाढ ४७वर येईल, म्हणजे ८५ अंश. आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमुळे त्या ६५ वॉटमध्ये जवळजवळ पहिल्याएवढंच काम निघेल. दोन्ही मिळून करा. त्याच पानावर प्लॅटफॉर्म थर्मल थ्रॉटल लिमिट (किती अंशांवर चिपने स्वतःचा स्पीड कमी करायचा) असतं, तिथे मी ८५ टाकून ठेवलंय.

आणि खोलीतल्या कूलरचं ऐका. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर सगळे लावतात, मीही लावते. पण त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर सोडू नका. माझ्या जुन्या मशीनच्या पंख्याच्या पात्यांवर पांढरट खरखरीत थर बसला होता, बोटाने पुसला तर निघेना. आमच्या बोअरच्या पाण्यातले क्षार तुषारांसोबत उडून आत गेले होते. हीटसिंकच्या (पंख्याखालच्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांमध्ये धूळ आणि तो थर मिळून लगदा झालेला. साफ केल्यावर ११ अंश उतरले, बायोसला हात न लावता. आता मशीन खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि खिडकी अर्धी उघडी असते.

अकोला_एडिट
काय सांगू, रॅम खरंच २४००वर होती. इतके दिवस! खाचा बरोबर होत्या. एक्सएमपी लावलं, मेमटेस्ट रात्रभर स्वच्छ. टाइमलाइनमध्ये फरक हाताला जाणवतोय.

आता पंखा काढून त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट बदलावी म्हणतो. काही धोका?

जुना_क्वाड
धोका आहे, आणि तो फार जणांना ठाऊक नसतो. एएम४ सॉकेटच्या, म्हणजे तुमच्यासारख्या, प्रोसेसरच्या १३३१ पिना बोर्डवर नाहीत, प्रोसेसरच्याच पोटाला आहेत. पेस्ट वाळून घट्ट झाली की हीटसिंक सरळ वर ओढल्यावर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, खटका लागलेला असतानासुद्धा. माझा एकदा तसा आला, दोन पिना आडव्या झाल्या. दाढीच्या ब्लेडने हळूहळू सरळ करायला अख्खी संध्याकाळ गेली.

म्हणून आधी सिनेबेंच पाच मिनिटं चालवा, पेस्ट मऊ होईल. मशीन बंद, प्लग बाहेर. चारही स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. मग हीटसिंक डावीकडे-उजवीकडे पिळवटत फिरवा. तो मोकळा फिरतोय असं वाटलं की मगच उचला.

विदर्भ_आय५
मध्येच विचारतो, माझ्याकडे आय५ १२४०० आणि एच६१० बोर्ड आहे. यात काही करता येईल का?

जुना_क्वाड
मल्टिप्लायर कुलूपबंद आहे. इंटेलमध्ये मोकळा प्रोसेसर के अक्षराचा, आणि बोर्ड झेड मालिकेचा लागतो. एच६१०वर रॅमही ठरलेल्या मर्यादेपुढे जात नाही. पैसे खर्चायचेच तर चांगल्या पंख्यावर खर्चा. तुमच्या कोणा ओळखीच्याकडे १३व्या-१४व्या पिढीचा के प्रोसेसर असेल तर त्यांना बायोस अपडेट करायला आवर्जून सांगा. जास्त व्होल्टेजमुळे ते प्रोसेसर खराब होत होते, आणि त्यावरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामची दुरुस्ती) इंटेलने २०२४ मध्ये दिला.

टर्बो_नाशिक
अपडेट करताना यूपीएस हवाच. बायोस लिहिला जात असताना माझ्या भावाकडे लाईट गेली, बोर्ड तिथेच मेला. चिप प्रोग्रामरवर पुन्हा लिहून घ्यावी लागली. आणि हो, मीही काल मल्टिप्लायर ऑटोवर आणून कर्व्ह करून बघितलं. एका कोअरचा स्कोअर खरंच वाढला. मानलं.

अकोला_एडिट
पेस्ट बदलली, दादांच्या पद्धतीने, प्रोसेसर जागेवरच राहिला. पीपीटी ६५, खुणेचे दोन कोअर उणे १०, बाकी उणे २०. खोली ३८ असताना ८३ अंश, स्कोअर १०,९८०. कमी विजेत जास्त काम, विश्वास बसत नव्हता म्हणून तीनदा चालवलं.

पण काल रात्री एक्सपोर्ट पूर्ण झाला, मी मेल वाचत होतो, आणि मशीन फट्कन रिस्टार्ट. एवढा लोड सोसला आणि रिकामं असताना पडलं?

जुना_क्वाड
तिथेच पडतं. सगळे कोअर राबत असतात तेव्हा स्पीड खाली असतो. मशीन रिकामं असताना एखादाच कोअर क्षणभर अगदी वरच्या टोकाला उडी मारतो, आणि तेव्हाच काढून घेतलेलं व्होल्टेज कमी पडतं. सिनेबेंच हे कधीच पकडणार नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमखाली डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद), आयडी १८ शोधा. त्यात एपीआयसी आयडी लिहिलेला असतो. त्याला दोनाने भागा, कोअरचा नंबर मिळेल.

अकोला_एडिट
सापडलं! एपीआयसी आयडी ४. म्हणजे कोअर २, ज्याला मी उणे २० दिलं होतं.

जुना_क्वाड
त्या एकालाच उणे १४ करा, बाकीच्यांना हात लावू नका. मग कोअरसायकलर चालवा. तो एका वेळी एकाच कोअरवर प्राइम९५ (प्रोसेसरला ताण देणारं सॉफ्टवेअर) चालवतो, म्हणून ही चूक नेमकी पकडतो. झोपताना लावून द्या. कोणी नापास झाला तर त्याला तीन पायऱ्या वर आणा आणि पुन्हा. ग्राहकाचं काम मात्र दोन रात्री स्वच्छ गेल्याशिवाय या सेटिंगवर घेऊ नका.

अकोला_एडिट
अपडेट. पहिल्या रात्री कोअर ५ पडला, उणे १७ केला. त्यानंतर तीन रात्री सगळे पास. गेल्या आठवड्यात चार लग्नं एक्सपोर्ट केली, एकदाही अडकलं नाही.

हिवाळ्यात पीपीटी परत ७६ करू का?

चंद्रपूर_रेंडर
खुशाल करा. बायोसमध्ये प्रोफाइल सेव्ह करता येतात, मी दोन ठेवलीत, ‘उन्हाळा’ आणि ‘हिवाळा’. दिवाळीनंतर बदलते, होळीला परत आणते. फक्त बदलल्यावर कोअरसायकलर एकदा पुन्हा चालवा. चिप गार असली की उडी आणखी वर जाते. आणि बायोस अपडेट केला की ही प्रोफाइल बहुतेक पुसली जातात, तेव्हा आकडे वहीतही लिहून ठेवा.