मदत हवी आहे : डॅकमधून काही गाणी स्वच्छ वाजतात, काहींत टिचक्या येतात

घराणेदार :
नमस्कार. लॅपटॉपवरची गाणी नीट ऐकता यावीत म्हणून महिन्यापूर्वी एक डॅक, म्हणजे संगणकातला डिजिटल ध्वनी ॲम्प्लिफायरला समजेल अशा विद्युत संकेतात बदलणारे यंत्र, विकत घेतला आणि तो घरातल्या जुन्या ॲम्प्लिफायरला जोडला. काही गाणी इतकी स्वच्छ वाजतात की तानपुऱ्याची जवारी वेगळी ऐकू येते. मात्र काही गाण्यांत दर दहा-पंधरा सेकंदांनी नखाने टिचकी मारावी तसा आवाज येतो. दुकानदाराने डॅक बदलून दिला, तरी टिचक्या तशाच आहेत. ड्रायव्हर पुन्हा टाकून आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करून झाला आहे, त्यामुळे तेच उपाय सुचवू नयेत ही विनंती. येत्या रविवारी वडिलांची पंचाहत्तरी आहे, आज बुधवार आहे, आणि त्यांच्याच संग्रहातले गाणे त्यांना पाहुण्यांसमोर ऐकवायचे ठरले आहे. नक्की उपाय माहीत असेल त्यांनीच कृपया लिहावे.

खर्जाचा_सा :
पत्रिका न दाखवता मुहूर्त विचारण्यासारखे झाले हे. संगणकात कोणती प्रणाली आहे, गाणी कोणत्या प्रोग्रॅममधून वाजवता, डॅक यूएसबीने जोडला आहे की ऑप्टिकल केबलने, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'काही गाणी' म्हणजे नेमकी कोणती, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही.

घराणेदार :
लॅपटॉपला ऑप्टिकलची सोयच नाही, तेव्हा डॅक यूएसबीने जोडला आहे हे वेगळे सांगण्याची गरज वाटली नाही. विंडोज १० आहे आणि गाणी फूबार२००० मधून वाजवतो. वडिलांच्या कॅसेटी मी स्वतः लॅपटॉपवर उतरवून घेतल्या, त्या निर्दोष वाजतात. सीडींवरून काढलेल्या फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेल्या) फाइलींत मात्र टिचक्या येतात. म्हणजे जे जुने आणि खरखरीत आहे ते नीट आणि जे उत्तम आहे तेच बिघडलेले, असा हा उलटा न्याय आहे.

निवृत्त_ध्वनितंत्री :
निदान सोपे आहे. डिजिटल ध्वनी म्हणजे सेकंदाला ठरावीक वेळा घेतलेली मोजमापे, म्हणजेच नमुने; त्या संख्येला सॅम्पल रेट म्हणतात. सीडीवरचा ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा असतो, आणि कॅसेटी आपण बहुधा ४८,००० नमुन्यांनी उतरवल्या असाव्यात. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये डॅकचा डिफॉल्ट फॉरमॅट ४८ किलोहर्ट्‌झ असेल, तर कॅसेटी जशाच्या तशा पुढे जातात आणि सीडीच्या गाण्यांचे मात्र दर १४७ नमुन्यांमागे १६० नमुने नव्याने मोजून तयार करावे लागतात. फूबारमध्ये आउटपुट बदलून वासापीचा (विंडोजमधल्या ध्वनी पाठवण्याच्या एका पद्धतीचा) एक्सक्लुझिव्ह मोड निवडा, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करणारा विंडोजचा मिक्सर मध्ये येणार नाही आणि डॅकला मूळ सॅम्पल रेट मिळेल.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, ४४,१०० हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमुळे आला. आरंभीच्या काळात डिजिटल ध्वनी साठवायला व्हिडिओ रेकॉर्डरच वापरत. युरोपीय पद्धतीत सेकंदाला ५० फील्ड (म्हणजे अर्धी चित्रे), प्रत्येक फील्डमध्ये वापरण्याजोग्या २९४ ओळी आणि प्रत्येक ओळीवर ३ नमुने, असा गुणाकार करून पाहावा. अमेरिकी पद्धतीत ६०, २४५ आणि ३ घेतले तरी उत्तर तेच येते. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा हाच आकडा तिच्यावर कायम झाला.

खर्जाचा_सा :
इतिहास रंजक आहे, पण निदान मला पटत नाही. सॅम्पल रेट बदलल्याने ध्वनीत फार तर सूक्ष्म फरक पडेल. तो साध्या कानाला कळतो की नाही यावर वाद घालता येईल, परंतु त्यातून दर दहा-पंधरा सेकंदांनी टिचकी उमटण्याचे काही कारण नाही. तसे असते तर देशातल्या निम्म्या संगणकांवर टिचक्या ऐकू आल्या असत्या.

सुवर्णतंतू :
डॅकसोबत आलेली केबल कचऱ्यात टाका. माझ्याकडे सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांची, चांदीच्या तारेची केबल आहे, आणि ती लावल्या दिवसापासून आवाजाला जो मऊपणा आला आहे तो शब्दांत सांगता येणार नाही. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत आणि मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला चौकशी करा. खर्चाकडे पाहू नका.

मुक्तस्रोत :
ड्रायव्हर पुन्हा टाकला म्हणजे नेमके काय केले? विंडोज १० मध्ये २०१७ सालच्या १७०३ या आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ चा (यूएसबीवरून ध्वनी पाठवण्याच्या प्रमाण पद्धतीचा) ड्रायव्हर अंगभूत मिळतो, त्यामुळे पुष्कळ डॅकना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. लिनक्समध्ये ही सोय त्याच्याही आधीपासून आहे. एका पेन ड्राइव्हवर लिनक्स घालून लॅपटॉप त्यावरून चालवून पाहावा. टिचक्या थांबल्या तर दोष ड्रायव्हरचा, न थांबल्या तर तारांचा किंवा यंत्रांचा, एवढे तरी एका संध्याकाळीत ठरेल.

घराणेदार :
चार दिवसांत मला नवी प्रणाली शिकायची नाही. ध्वनितंत्री साहेबांनी सांगितल्याप्रमाणे वासापी लावले. डॅकवरचा दिवा आता सीडीच्या गाण्याला वेगळा रंग दाखवतो, म्हणजे ४४.१ पोचत असावे. टिचक्या जशाच्या तशा आहेत. उलट आता प्रत्येक गाण्याचा पहिला क्षणभर गिळला जातो, हे नवीनच सुरू झाले आहे. सुवर्णतंतू यांनी सुचवलेल्या केबलची किंमत पाहिली, तेवढ्यात रविवारचे जेवण होईल.

कोकणातले_काका :
आमच्याकडेही हाच त्रास होता. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून गूं असा घुमणारा आवाज येत असे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, तोच सूर ॲम्प्लिफायरमध्ये शिरतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगच्या जोडणीत आहे असे समजावे. सगळी यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावली की बहुतेक वेळा काम होते. काही जण प्लगची तिसरी पिनच काढून टाकतात, ते मात्र कधीही करू नये. आवाज जाईल पण माणूसही जाईल.

घराणेदार :
काका, माझ्याकडे गुणगुण नाही. टिचकी आहे. तरी बॅटरीवर चालवून पाहिले, फरक नाही.

आलापी :
सर्व प्रतिसाद वाचून एक साधा प्रश्न विचारते. कॅसेटींच्या फाइली आणि सीडींच्या फाइली एकाच ठिकाणी ठेवलेल्या आहेत का? विलंबित ख्याल ऐकणाऱ्या माणसाला टिचकी लगेच कळते, लावणी ऐकणाऱ्याला कदाचित कळणारही नाही, त्यामुळे आपल्या कानांवर माझा विश्वास आहे. मात्र 'सीडी' आणि '४४.१' या दोन गोष्टी जशा एकत्र आल्या आहेत, तशी तिसरीही एखादी गोष्ट त्यांच्याबरोबर आली असेल आणि ती आपण सांगितली नसेल, असा मला दाट संशय आहे.

घराणेदार :
कॅसेटींच्या फाइली लॅपटॉपमध्येच आहेत, कारण तिथेच त्या उतरवल्या. सीडींचा संग्रह मोठा आहे, तो लॅपटॉपमध्ये मावणार कसा? तो अर्थातच बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे. याचा ध्वनीशी काय संबंध?

आलापी :
आणि ती हार्ड डिस्क लॅपटॉपला थेट जोडली आहे का?

घराणेदार :
लॅपटॉपला दोनच यूएसबी पोर्ट आहेत. एकात माउसचा रिसीव्हर असतो, दुसऱ्यात एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा हब. हबमध्ये हार्ड डिस्क आणि डॅक.

खर्जाचा_सा :
धन्य आहात. हे पहिल्याच परिच्छेदात लिहिले असते, तर ४४,१०० चा गुणाकार आम्हांला करावा लागला नसता.

आलापी :
रागावू नका, त्यांना ते घरातल्या भिंतीइतके सवयीचे झाले असणार. घराणेदार, आता एवढेच करा. सीडीचे टिचक्या येणारे एक गाणे लॅपटॉपमध्ये कॉपी करा, हार्ड डिस्क काढून ठेवा आणि ते गाणे वाजवा. मग उलट करा, म्हणजे कॅसेटीचे एक गाणे हार्ड डिस्कवर टाकून तिथून वाजवा. बाकी काहीही बदलू नका.

घराणेदार :
केले. सीडीचे गाणे लॅपटॉपमधून पूर्ण पन्नास मिनिटे ऐकले, एकही टिचकी नाही. कॅसेटीचे गाणे हार्ड डिस्कवरून लावताच दुसऱ्याच मिनिटाला टिचकी आली. म्हणजे हार्ड डिस्क बिघडली आहे का? त्यात साडेतीनशे सीडी आहेत.

निवृत्त_ध्वनितंत्री :
माझे निदान चुकले, हे मान्य करतो. परंतु हार्ड डिस्क बिघडली असे यावरून म्हणता येणार नाही, आणि ती डेटा सावकाश देते असेही नाही. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीला सेकंदाला सुमारे १७६ किलोबाइट लागतात, तेही फ्लॅकमध्ये दाबून बरेच कमी होतात. जुनी डिस्कसुद्धा याच्या कितीतरी पट वेगाने वाचते. शिवाय डेटा उशिरा पोचला तर गाणे अडखळते, थांबते. टिचकी मारून पुढे जात नाही.

संशय हबवर घ्यावा. त्याला स्वतःचा वीजपुरवठा नसेल, तर लॅपटॉपच्या एकाच पोर्टातून मिळणारी वीज हार्ड डिस्क आणि डॅक या दोघांना वाटून घ्यावी लागते. यूएसबी २ च्या पोर्टातून ५०० मिलिॲम्पिअरची हमी असते, आणि त्यावर चालणाऱ्या हबने पुढच्या प्रत्येक यंत्राला फक्त १०० द्यावेत असा नियम आहे. फिरणारी हार्ड डिस्क एवढ्यावर कधीच भागवत नाही. फूबार गाणे तुकड्यातुकड्याने वाचतो. दर वेळी डिस्क जागी होऊन वीज ओढते आणि शेजारच्या डॅकचे व्होल्टेज क्षणभर खाली जाते, असे मला वाटते.

खर्जाचा_सा :
पण मग याच हबवरून फाइली कॉपी होताना एकही बाइट चुकत नाही, हे कसे?

निवृत्त_ध्वनितंत्री :
प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर यूएसबीच्या घडणीत आहे. यूएसबीवरून डेटा छोट्या पाकिटांत जातो. फाइल पाठवताना एखादे पाकीट खराब झाले, तर ते पुन्हा मागवले जाते. आपल्याला पत्ताही लागत नाही. ध्वनीची पाकिटे मात्र ठरल्या वेळी, राखून ठेवलेल्या जागेतून जातात आणि त्यांत पुन्हा पाठवण्याची सोय नसते, कारण गेलेला क्षण परत वाजवता येत नाही. खराब झालेले पाकीट डॅक सोडून देतो किंवा तिथे शून्य भरतो, आणि त्या जागी आपल्याला टिचकी ऐकू येते.

सुवर्णतंतू :
म्हणजे केबलने फरक पडतो, हे आपण अखेर मान्य केले तर.

निवृत्त_ध्वनितंत्री :
सैल पिनांच्या किंवा फार लांब केबलने टिचक्या येऊ शकतात, एवढे मान्य आहे. मऊपणा येतो, हे मान्य नाही. आजकालचे बहुतेक डॅक असिंक्रोनस पद्धतीने चालतात, म्हणजे वेळेचा ताल डॅकच्या आतले घड्याळ देते आणि संगणकाला त्याच्या मागे यावे लागते. त्या तालावर चांदीच्या तारेचा काय परिणाम होणार?

सुवर्णतंतू :
कान ज्याचे त्याला.

आलापी :
हा वाद वेगळ्या धाग्यावर न्यावा अशी दोघांनाही विनंती. घराणेदार, पैसे खर्च न करता होणारा उपाय असा : माउसचा रिसीव्हर हबमध्ये घाला आणि रिकाम्या झालेल्या पोर्टात डॅक थेट लावा. हार्ड डिस्क हबमध्येच राहू द्या.

घराणेदार :
दोन तास ऐकले. एकही टिचकी नाही. माउस अधूनमधून अडखळतो, परंतु माउसला कोणी पाहुणे ऐकायला येणार नाहीत. ताई, तुमचे फार आभार. दुकानदाराशी मी उगाच भांडलो, त्याचा डॅक निर्दोष होता. उद्या जाऊन सांगतो. आता फक्त तो गिळला जाणारा पहिला क्षण राहिला. वडिलांना आलापाचा पहिला षड्जच ऐकायचा असतो, आणि तोच जातो आहे.

खर्जाचा_सा :
सॅम्पल रेट बदलला की डॅक नव्या घड्याळाशी जुळेपर्यंत आवाज बंद ठेवतो. एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये प्रत्येक फाइलीबरोबर रेट बदलू शकतो, म्हणून तो क्षण जातो. पूर्वी विंडोजचा मिक्सर सगळे एकाच रेटने पाठवत होता, तेव्हा हा प्रश्न नव्हता.

घराणेदार :
रेट बदलला नाही तरी जातो. सलग दोन सीडींची गाणी लावून पाहिली. मध्ये उठून चहा आणला तर हमखास जातो.

खर्जाचा_सा :
मग बराच वेळ ध्वनी आला नाही की आपला डॅक झोपी जात असणार. टिचक्यांचे कारण आता सापडलेच आहे, त्यामुळे रविवारपुरते वासापी काढून पुन्हा विंडोजच्या नेहमीच्या आउटपुटवर या आणि डिफॉल्ट फॉरमॅट ४४.१ करा. तरीही क्षण गेलाच, तर निवडलेल्या गाण्यांच्या आरंभी दोन सेकंदांची शांतता जोडून त्यांच्या वेगळ्या प्रती करून ठेवा; मूळ फाइलींना हात लावू नका. त्या प्रती लॅपटॉपमध्येच ठेवा, म्हणजे रविवारी हार्ड डिस्क जोडण्याचीही गरज पडणार नाही.

मुक्तस्रोत :
हबला वेगळा वीजपुरवठा देऊन कोणी पाहिले का? त्याशिवाय दोष विजेचा होता की हबमधल्या गर्दीचा, हे सिद्ध होत नाही.

घराणेदार :
सोमवारनंतर पाहतो. दोन सेकंदांची शांतता जोडून पाहिली, षड्ज आता पूर्ण येतो. आठ गाणी निवडली आहेत, रात्रीत सगळ्यांच्या प्रती करतो.

कोकणातले_काका :
अर्थिंग मात्र एकदा तपासून घ्याच.