लिनक्स मिंटवर वायफाय सारखं तुटतंय, बजेट हजार रुपये, काय घेऊ? (कोल्हापूर)

माजघर:
नमस्कार मंडळी. शिवाजी पेठेत जुनं घर आहे आमचं, दगड-मातीच्या भिंती, दीड-दोन फूट जाड. राऊटर सोप्यात आणि मी आतल्या खोलीत बसून संध्याकाळी नववी-दहावीचं गणित ऑनलाइन शिकवतो. लॅपटॉप जुना आहे पण ८ जीबी रॅम आहे, विंडोजऐवजी लिनक्स मिंट २१ टाकलेलं. त्रास असा की वायफायचं चिन्ह कनेक्टेड दाखवतंय पण नेट बंद. वायफाय बंद करून चालू केलं की येतंय, थोड्या वेळानं परत तेच. झाकण मिटून उघडलं तर कधीकधी वायफायच गायब, रीस्टार्ट मारल्याशिवाय दिसत नाही. त्याच टेबलावर फोन ठेवला तर फोनचं नेट एकदम व्यवस्थित. पोरं म्हणत्यात मॅडम आवाज तुटायलाय. सहामाही तोंडावर आलीय, अर्धा तास नेट जुळवण्यातच जातोय आणि त्या पोरांचं नुकसान व्हायला लागलंय.

बजेट फार तर १००० रुपये. नवीन लॅपटॉप नको, विंडोज नको. यूएसबीचं वायफाय घेऊ का? घेतलं तर कुठलं? राजारामपुरीत मिळेल असं सांगा.

तालीम_गल्ली:
ताई खरं सांगू का, जुन्या लॅपटॉपवर पैसे घालू नका. मी दिवाळीला ६५ हजाराचा नवीन घेतला, वायफाय ६ई आहे त्यात, त्याच दिवशी फेडोरा लिनक्स टाकलं, आजपर्यंत एकदा पण नेट तुटलं नाही. दुसऱ्या मजल्यावरून पण लई भारी चालतंय. हप्त्यावर मिळतोय की, काय अडचण नाही.

उचगावकर:
विंडोज टाका, विषय संपला. लिनक्सवर वायफायचा त्रास आधीपासून आहेच, आमच्या ऑफिसात एकानं हौसेनं टाकलं होतं आणि महिन्यात काढलं. शिकवायचं काम आहे, प्रयोग कशाला?

टर्मिनल_आणि_चहा:
वरच्या दोघांनी लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड कुठलं आहे ते सुद्धा विचारलं नाही. ताई, काही विकत घ्यायच्या आधी टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडा आणि एलएसपीसीआय कमांड द्या, पुढे डॅश एनएनके. त्यात नेटवर्क कंट्रोलर म्हणून जी ओळ येईल ती आणि तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' लिहिलेलं असेल, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, ते इथं टाका. मग नेट गेल्या गेल्या, रीस्टार्ट न करता, सुडो (ॲडमिनचा अधिकार) लावून डीमेसेज (अक्षरं डी-एम-ई-एस-जी) मारा आणि शेवटच्या ओळी बघा. बिघाड काय आहे ते लॅपटॉप स्वतः लिहून ठेवत असतो, फक्त ते वाचायला पाहिजे. फोनला त्याच टेबलावर नेट मिळतंय म्हणजे राऊटर आणि लाईन ठीक आहे, हे तुम्ही आधीच तपासलंय हे फार बरं केलं.

रंकाळा_वारा:
जाड भिंत हेच कारण. आमच्या घरात पण असंच होतं, मी मेशचा, म्हणजे घरभर वायफाय पसरवणारा, तीन डब्यांचा सेट बसवला, आता गच्चीपासून गोठ्यापर्यंत रेंज. साडेनऊ हजार गेले पण डोक्याला ताप नाही. ताईंनी तेच करावं.

टर्मिनल_आणि_चहा:
दादा, बजेट हजार आहे. आणि त्याच जागी फोन चालतोय, भिंत असती तर फोन पण मेला असता.

रंकाळा_वारा:
फोनची अँटेना चांगली असते.

पुण्यात_अडकलेला:
वायफाय २.४ ऐवजी ५ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यावर टाका. २.४ वर शेजारपाजारचे सगळे राऊटर एकमेकांवर बोंबलत असतात, वापरण्यासारखे सुटे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. पेठेत घराला घर चिकटलेलं, तिथं २.४ चालूच शकत नाही. आणि मिंट सोडा, आर्च लिनक्स घ्या, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कायम ताजं मिळतं.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली:
दीड फुटी दगडी भिंतीतून ५ गीगाहर्ट्झ? भावा, पेठेतलं घर बघितलंयस का कधी? ५ ची लहर भिंतीत लवकर मरते, २.४ तेवढी तरी पलीकडं पोचते. आणि क्लास घेणाऱ्या बाईंना आर्च सांगतोयस, ते जुळवायलाच सहामाही जाईल.

माझं रिपेअरिंगचं काम आहे म्हणून सांगतो. कार्डच बदला. इंटेल एएक्स २१० घ्या, लिनक्सला कर्नल ५.१० पासून चालतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फक्त २१० च घ्यायचं, २०१ किंवा २११ नको, ती दोन्ही सीएनव्हीआय प्रकारातली आहेत, ठरावीक इंटेल प्रोसेसरवरच चालतात, एएमडीवर चालतच नाहीत. दुकानदार "एकच असतंय ओ" म्हणून देतात आणि गिऱ्हाईक माझ्याकडं येतंय. बसवायचं म्हणजे मागचं झाकण काढायचं, बॅटरीची पिन काढायची, एक स्क्रू, दोन अँटेनाच्या वायरी. त्या वायरींची टोकं ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक, सरळ वरून दाबायची, तिरकी दाबली की चेपली. आणि जुन्या काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) ठरावीक कार्डांचीच यादी असते, दुसरं कार्ड लावलं की मशीन चालूच होत नाही, ते आधी बघायचं. ऑनलाइन किंमत हजाराच्या वर जाते, मजुरी वेगळी.

कळंबा_रोड:
यूएसबीच घ्या, झाकण उघडायची कटकट नको. पण डब्यावरचं कंपनीचं नाव बघून घेऊ नका, आतली चिप बघा. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या चिप बदलतात. टीपी-लिंकचं ७२२एन त्यासाठीच ओळखलं जातं, व्हर्जन १ मध्ये एथेरॉसची एआर ९२७१ होती, लिनक्सवर लावलं की चालू, व्हर्जन २ पासून दुसरीच चिप आली आणि नाव तेच राहिलं. त्यात ते फक्त २.४. दोन्ही बँड (२.४ आणि ५) पाहिजेत तर मीडियाटेकची एमटी ७६१२यू चिप असलेलं शोधा, ड्रायव्हर कर्नल ४.१९ पासून आत आहे. "सीडीत लिनक्स ड्रायव्हर आहे" असं कुणी म्हणालं तर ते दुकान सोडा.

आणि यूएसबी वायफायच्या शेजारच्या यूएसबी ३ पोर्टाला हार्डडिस्क लावू नका, त्या पोर्टातून २.४ च्या पट्ट्यातच गोंगाट बाहेर पडतो. इंटेलनं स्वतः २०१२ मध्ये यावर कागद काढलाय.

जुना_मिंटवाला:
पॉवर सेव्हिंग बंद करा. माझं त्यानंच गेलं.

माजघर:
सगळ्यांचे आभार. टर्मिनल दादांनी सांगितलं तसं केलं. कार्ड आरटीएल ८८२१सीई, ड्रायव्हर आरटीडब्ल्यू ८८२१सीई, कर्नल ५.१५. डीमेसेजमध्ये नेट गेलं की एकच ओळ परत परत येतीय, 'फर्मवेअर फेल्ड टू लीव्ह एलपीएस स्टेट'. याचा अर्थ काय?

टर्मिनल_आणि_चहा:
झालं, सापडलं! एलपीएस म्हणजे कार्डाची झोप. बॅटरी वाचवायला कार्ड मधूनमधून डुलकी काढतं आणि ड्रायव्हरनं हाक मारली की उठायचं असतं, तुमचं कार्ड उठत नाही. वर कनेक्टेडच दिसतं कारण राऊटरनं तुम्हाला अजून काढलेलं नसतं. जुन्या कर्नलवर या चिपची ही तक्रार जगभर आहे, तुमच्या घरात काही दोष नाही.

एक रुपया न घालता करायचं ते सांगतो. ईटीसी फोल्डरात नेटवर्कमॅनेजर, त्यात कॉन्फ डॉट डी, त्यात डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची फाईल. ती रूट (ॲडमिन) म्हणून उघडा, वायफाय डॉट पॉवरसेव्ह बरोबर ३ लिहिलेलं असेल, त्याचं २ करा. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. रीस्टार्ट.

तेवढ्यानं भागलं नाही तर ईटीसीमधल्याच मोडप्रोब डॉट डी मध्ये एक नवीन फाईल करा, नाव काही द्या पण शेवट डॉट कॉन्फ पाहिजे. तिच्यात दोन ओळी. पहिली 'ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_कोर डिसेबल_एलपीएस_डीप=१' आणि दुसरी 'ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=१'. सगळं लहान इंग्रजी अक्षरात. झाकण उघडल्यावर कार्ड गायब होतंय त्यावर बहुतेक ही दुसरी ओळ लागू पडेल.

आणि अपडेट मॅनेजर, व्ह्यू, लिनक्स कर्नल्स इथून ६.८ टाका. जुनं कर्नल पुसू नका, बिघडलं तर चालू होतानाच्या मेनूत ॲडव्हान्स्ड मध्ये जाऊन जुनंच निवडता येतं.

जुना_मिंटवाला:
मी तेच म्हणालो होतो की पॉवर सेव्हिंग.

पुण्यात_अडकलेला:
८८२१सीई साठी बाहेरचा डीकेएमएसचा ड्रायव्हर मिळतो, तो टाका, सिग्नल जास्त दाखवतो. मी वापरलाय.

टर्मिनल_आणि_चहा:
नका टाकू. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर लोडच होत नाही, आधी किल्ली नोंदवावी लागते. आणि कर्नल बदललं की तो परत नव्यानं तयार व्हावा लागतो, एखाद्या दिवशी होत नाही आणि नेमका त्याच दिवशी क्लास असतो. कर्नलच्या आतला ड्रायव्हर सुधारतोय, त्यालाच धरून राहा.

पुण्यात_अडकलेला:
माझ्याकडं दोन वर्षं चाललाय तो.

गगनबावडा_पाऊस:
आमच्याकडं पावसाळ्यात दिवसातनं कितीदा लाईट जाती, राऊटर चालू व्हायला दोन-तीन मिनिटं आणि तोवर मीटिंग गेलेली. राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, त्याच्यापुढं ड्रायव्हर-बिव्हर सगळं नंतर. ॲम्पिअर राऊटरच्या ॲडाप्टरवर लिहिलेले बघून घ्या.

उचगावकर:
शहरात कुठं एवढी लाईट जाती?

गगनबावडा_पाऊस:
पेठेत जाती. आमची आत्या राहती तिथं. वारं सुटलं की गेली.

उचगावकर:
आत्यांच्या बिल्डिंगचा फ्यूज बघा आधी.

माजघर:
लाईट आमच्याकडं बरी आहे, इन्व्हर्टरपण आहे. टर्मिनल दादा, २ केलं, दोन्ही ओळी टाकल्या, कर्नल ६.८ केलं. कनेक्टेड असून नेट बंद हा प्रकार थांबला! झाकण उघडलं की वायफाय जागेवर. डीमेसेजमध्ये ती ओळ पण येत नाही. दिवसभर व्यवस्थित चाललं, पण संध्याकाळी क्लासला आवाज अजून अडखळतोय. पहिल्यासारखं तुटत नाही, पण अडखळतोय. फक्त क्लासलाच का?

टर्मिनल_आणि_चहा:
क्लासला हेडफोन कुठला? ब्लूटूथ का?

माजघर:
हो, ब्लूटूथ.

टर्मिनल_आणि_चहा:
मग तेच बघा. ब्लूटूथ पण २.४ वरच बोलतं आणि तुमच्या कार्डात वायफाय-ब्लूटूथ एकाच चिपवर आहे. दोघं आळीपाळीनं बोलतात. नुसतं गाणं ऐकताना कळत नाही, व्हिडिओ कॉलला जाणारा-येणारा दोन्हीकडचा आवाज आणि चित्र आलं की ओढाताण होते. वायरचा हेडफोन लावून बघा, नाहीतर वायफाय ५ वर न्या. राऊटरच्या सेटिंगमध्ये २.४ ची चॅनल रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० नको.

पुण्यात_अडकलेला:
मी पहिल्यापासून ५ म्हणतोय.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली:
एएक्स २१० घातलं असतं तर हा सगळा खेळच नव्हता. कार्ड माझ्याकडनं घ्या, मजुरी कमी करतो.

कळंबा_रोड:
किंवा यूएसबी वायफाय वेगळं आणि आतल्या कार्डाचं ब्लूटूथ वेगळं, दोन वेगळ्या चिपा. ७६१२यू बघा, परत सांगतो.

तालीम_गल्ली:
आजचा क्लास काढायचा असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीच्या वायरनं जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, फोन वायफायवरच ठेवा. बऱ्याच फोनवर वायफायचंच नेट लॅपटॉपला मिळतं, डेटा जात नाही, लिनक्सला काही टाकावं लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर मी असंच दिवस काढले.

माजघर:
टेदरिंगनं कालचा क्लास छान झाला, दादा मनापासून आभार. ५ वर पण टाकून बघितलं, खोलीच्या दारात येतंय, टेबलापर्यंत येत नाही. वायरचा हेडफोन लावला की बरंच सुधारतंय, पण मला उठून बोर्डावर लिहायला लागतं, वायर पुरत नाही.

तर मी ठरवलंय, लॅनची वायर ओढायची. लॅपटॉपला बाजूला लॅनचा पोर्ट आहे, आजवर कधी वापरलाच नव्हता. सोप्यापासून टेबलापर्यंत चौकटीच्या कडेनं वायर येतीय. ब्लूटूथ हेडफोन तसाच राहील आणि नेट वायरवर जाईल, म्हणजे ओढाताणच नाही.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली:
आता कोण वायर ओढतंय ओ? घर खराब दिसतंय, उंदीर खातोय. कार्ड बदला म्हणतो ते ऐका.

रंकाळा_वारा:
वायर म्हणजे वीस वर्षं मागं गेल्यासारखं. मेश घ्या, हप्ते होतात.

कळंबा_रोड:
घेताच आहात तर कॅट ६ घ्या आणि पूर्ण तांब्याची का विचारा. स्वस्तातल्या वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, सीसीए लिहिलेलं असतं, ती घेऊ नका. अंतर काही अडचण नाही, १०० मीटरपर्यंत चालते. पण तरी यूएसबी घेतलं असतं तर जास्त बरं.

माजघर:
घेतली आज. कॅट ६, तांब्याची, १५ मीटर, दोन्हीकडं टोकं बसवून दिली. वर खिळ्याच्या क्लिपा, सगळं धरून निम्म्या बजेटात झालं. मिस्टरांनी चौकटीच्या वरनं नेलीय, पडद्यामागं दिसत पण नाही. लावल्या लावल्या मिंटनं ओळखलं, वर वायरचं चिन्ह आलं. आजचा क्लास सलग झाला, ब्लूटूथवर, मी बोर्डावर जाऊन प्रमेय काढून दाखवलं आणि कुणीच आवाज तुटला म्हणालं नाही. दिवसा इकडंतिकडं बसायला वायफाय आहेच, आता ते पण नीट चालतंय. टर्मिनल दादा, तुमच्यामुळं रोग कळला.

टर्मिनल_आणि_चहा:
फार छान झालं ताई. मोडप्रोबची ती फाईल तशीच राहू दे. मिंट २१ ला एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट आहेत, पुढं २२ वर गेलात की आधी त्या दोन ओळी काढून बघा, गरज नसेल तर नको.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली:
उंदीर लागला की सांगा.

नवीन_सभासद_हुपरी:
माझा पण सेम प्रॉब्लेम, पण माझं कार्ड ब्रॉडकॉमचं आहे आणि उबंटूत वायफायच दिसत नाही. ती २ वाली फाईल बदलली, काही झालं नाही. काय करू?

टर्मिनल_आणि_चहा:
सेम नाही तो. एलएसपीसीआय डॅश एनएनके मारा आणि वेगळा धागा काढा, बघतो.